ऑफिसातले उंदीर: घरमालक म्हणतो तुमचे, आम्ही म्हणतो तुमचे

बर्डीवाली:
नमस्कार मंडळी. विषय जरा किळसवाणा आहे. डबा खाता खाता वाचत असाल तर नंतर या.

आमचं ऑफिस नागपुरात सीताबर्डीत, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. करसल्लागाराचं ऑफिस, त्यामुळे कागदांना तोटा नाही. खाली नाश्त्याचं दुकान, मागे बोळ, बोळात उघडी नाली. ऑडिटचा हंगाम असल्याने सध्या सगळे रात्री उशिरापर्यंत बसतात आणि अंधार पडला की फॉल्स सीलिंगवर कबड्डी सुरू होते. एका क्लायंटच्या व्हाउचरच्या फायलीत पिल्लं सापडली. लॅनची केबल बदलली, तर नवीही कुरतडली. प्रिंटरच्या ट्रेमध्ये लेंड्या.

सरांनी आधी चिकट पॅड आणून ठेवले. सकाळी त्यावर जिवंत उंदीर चिकटून ओरडत होता, आणि तो उचलून फेकायचं काम अर्थातच सफाईच्या मावशींवर आलं. मग पेस्ट कंट्रोलवाला आला, विषाचे केक ठेवून गेला. उंदीर मेले, पण कुठे मेले ते वासावरून शोधावं लागलं. सरांच्या केबिनच्या बरोबर वर. वास जाईपर्यंत नवीन बिऱ्हाड हजर.

घरमालक म्हणतात, तुमच्या रद्दीमुळे आले. सर म्हणतात, खालच्या दुकानामुळे आले. दुकानदार म्हणतो, आमच्याकडे तर एकही नाही जी.

विष न घालता हे थांबतं का? आणि खर्च कोणी करायचा? मी मालक नाही, नोकरी करते. त्यामुळे "ऑफिस बदला" सोडून कुठलाही सल्ला चालेल.

तर्रीपोहे:
ऑफिस बदला.

संत्रासाल:
काहून छळून राहिला बे तिले पहिल्याच प्रतिसादात?
बर्डीवाली, सोपा उपाय आहे. मांजर आणा. दूध-पोळीवर काम करते, पीएफ मागत नाही.

छापखाना:
संत्रासाल भाऊ, मांजराचा अनुभव ऐका मग बोला.

महालात आमचा जुना छापखाना होता. वडिलांनी उंदरांसाठी बोका पाळला. पहिले काही आठवडे त्याने खरंच काम केलं, छोटी पिल्लं पकडून आणायचा आणि मशीनच्या पायाशी मांडून ठेवायचा, जणू हजेरीच लावतोय. मग कंपोझिंगच्या मामांनी त्याला डब्यातली मच्छी चारायला सुरुवात केली. पोट भरलेला बोका कोणाच्या मागे धावतो? दिवसभर कागदाच्या रिमांवर लोळायचा. एका लग्नपत्रिकेच्या पूर्ण गठ्ठ्यावर त्याने मुतून ठेवलं आणि वरमाईंना पत्रिका उशिरा मिळाल्या. मोठ्या घुशीच्या वाटेला तर तो कधी गेलाच नाही. समोरासमोर आले की दोघं एकमेकांना ओळख दाखवून निघून जायचे.

संत्रासाल:
ओळख दाखवून 😂 मांजर मागे घेतो.

पुणेरी_प्रवासी:
एवढं अवघड का करताय? प्लगला लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र मिळतं. माणसाला आवाज ऐकू येत नाही, उंदीर पळून जातात. आमच्या पुण्याच्या ऑफिसात लावलं आहे, एकही उंदीर नाही.

तर्रीपोहे:
यंत्र लावायच्या आधी किती होते?

पुणेरी_प्रवासी:
आधीही नव्हते. पण खबरदारी म्हणून.

ऑडिट_आप्पा:
हसून हसून पुरेवाट.

नेटवर्कवाला:
त्या यंत्रावर पैसे घालू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० पेक्षा जास्त कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती, की दावे करताय त्याला शास्त्रीय पुरावा ठेवा. उंच पट्टीचा आवाज भिंतीतून, कपाटातून, सीलिंगच्या पत्र्यातून पलीकडे जात नाही, आणि समोर असला तरी उंदराला काही दिवसांत त्याची सवय होते. एका क्लायंटकडे त्या यंत्राचीच वायर कुरतडलेली मी बघितली आहे.

केबलबद्दल. उंदराला वायर खायची नसते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि वाटेत येईल ते कुरतडायची त्याची सवय असते. लॅनची केबल मऊ, वरून सीलिंगमधून गेलेली, म्हणजे त्याच्या रस्त्यातच. उघडी केबल कितीदाही बदला, हेच होणार. लोखंडी कंड्युइटमधून, म्हणजे वायरीच्या पाइपातून न्या किंवा स्टीलची लवचीक नळी चढवा. पीव्हीसीची पट्टी पुरत नाही, ती तो आरामात फोडतो. आणि यूपीएसच्या मागे एकदा टॉर्च मारून बघा. लॅन तुटली तर फक्त नेट जातं, तिथे वायर सोलली गेली तर आग लागते. एवढं एक काम आजच करा.

वाडीचा_गोडाऊनवाला:
मी वाडीला किराणा मालाचं गोडाऊन चालवतो. जरा लांबण लागेल, पण ही माझ्या पोटापाण्याची गोष्ट आहे.

पहिली गोष्ट, कोण आहे ते ओळखा. लोक सगळ्यांना उंदीर म्हणतात आणि सगळ्यांना एकच औषध देतात. घूस जमिनीत बिळं करते, नालीच्या काठाने राहते, वर चढायच्या भानगडीत फारशी पडत नाही. तुमच्या सीलिंगवर पळतो तो काळा घरउंदीर, शेपटी अंगापेक्षा लांब. पाइप, वायर, झाडाची फांदी, कशावरूनही चढतो. तिसरा तो पिटुकला, कपाटाच्या खणात राहणारा. आणि चौथी चिचुंद्री, ती उंदीर नाहीच. लांब नाक, उग्र वास, चिं-चिं करत भिंतीच्या कडेने जाते. झुरळं खाते बिचारी. तिला मारू नका, दार उघडून द्या.

ओळखायचं कसं? ऑफिस बंद करताना भिंतीच्या कडेने आणि दरवाज्यापाशी रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ दिसते. कुठून येतो, कुठे जातो, रस्ता समोर मांडून ठेवतो तो. उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. रोजच्या वाटेवर काळपट तेलकट पट्टा पडलेला असतो, तोही शोधा.

मग भोकं. पिटुकल्याला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला १२ च्या आसपास. डोकं गेलं की अंग जातं. शटरखाली, एसीच्या पाइपाभोवती, टॉयलेटच्या पाइपाभोवती बघा. नुसतं सिमेंट ओलं असताना भरलं तर रात्रीत उकरतात. आधी भोकात स्टीलचा घासण्याचा काथ्या किंवा जाळी कोंबा, मग सिमेंट. आमच्याकडे जुने मिस्त्री काचेचा चुरा मिसळतात, तेही चालतं, हात सांभाळून.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. आत पिंजरे लावून आतले काढा, बाहेरची भोकं त्याच वेळी बुजवत जा, एक शेवटचं ठेवा. आतले संपले याची रांगोळीने खात्री झाली की ते बुजवा. उलटं केलं तर आत कोंडलेले मरतात आणि तुमच्या सरांच्या डोक्यावर पुन्हा तोच वास.

विष मी गोडाऊनच्या बाहेर, बंद पेटीत ठेवतो. आत कधीच नाही.

मावशी_इतवारी:
गोडाऊनवाले भाऊ, छान लिहिलं.

पण मला वेगळंच विचारायचं आहे. बर्डीवाली, त्या सफाईच्या मावशींना हातमोजे दिले का कोणी? पॅडवरचा जिवंत उंदीर त्यांनी उचलायचा, लेंड्या त्यांनी झाडायच्या, सीलिंगमधला मेलेला त्यांनीच काढायचा. ऑफिसातल्या पोरी ओरडल्या की सगळे धावतात. मावशी ओरडत नाहीत म्हणून त्यांना किळस येत नाही असं नाही. माझी आई इतवारीतल्या पेढीवर हेच काम करायची, म्हणून बोलते. राग मानू नका.

बर्डीवाली:
राग कशाला. नाही दिले. उद्या आणते, सरांना न विचारता.

डॉ_निशाचर:
इतवारीच्या मावशींच्या मुद्द्याला वैद्यकीय जोड देतो.

उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. ओल्या फरशीवर, साचलेल्या पाण्यात जंतू टिकतात आणि हातापायाच्या जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून शरीरात जातात. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, असं काही झालं तर डॉक्टरांना "ऑफिसात उंदीर आहेत" हे आवर्जून सांगा. न सांगितल्यामुळे निदान लांबतं. दुसरा आजार स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्या नागपुरात आणि आसपास त्याची साथ होती, आठवत असेल. तो उंदीर चावून होत नाही. उंदरांच्या अंगावर आणि झुडपांत राहणाऱ्या बारीक किड्याच्या, म्हणजे चिगर माइटच्या अळ्या चावल्यामुळे होतो. चावल्याच्या जागी कधी कधी काळी खपली धरते. दोन्ही आजारांना स्वस्त औषधं आहेत, फक्त वेळेत द्यावी लागतात.

लेंड्या कोरड्या झाडूने झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते. हातमोजे, मास्क, खिडक्या उघड्या. एक भाग घरगुती ब्लीच, नऊ-दहा भाग पाणी, हे शिंपडून पाच-दहा मिनिटं थांबा, मग कागदाने उचलून पिशवी बांधून टाका. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. पिल्लं सापडलेली ती फाइल टेबलावर ठेवून चाळू नका.

ऑडिट_आप्पा:
ती फाइल स्क्रुटिनीला आली तर काय लिहायचं? "मूळ व्हाउचर मूषकार्पण"?

आणि उंदरांचा विषय निघाला की मला मंत्रालय आठवतं. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत हिशेब मांडला होता, मंत्रालयात सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचा. म्हणजे रोजचे ४५ हजारांवर. मेलेले नेले कुठे, असं विचारलं होतं त्यांनी. मग खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नाही, विषाच्या गोळ्यांचा आहे. आमच्या धंद्यात याला एककाची चूक म्हणतात.

तर्रीपोहे:
आप्पा, हिवाळी अधिवेशनाला ते सगळे नागपुरात येतात. आपल्या विधानभवनाच्या उंदरांनी काय घोडं मारलं, त्यांचीही गणती होऊन जाऊ द्या.

संत्रासाल:
पोळा झाला की मारबत, म्हणजे ईडापीडा नेणारी पुतळी, निघतेच ना. बर्डीच्या लोकांनी या वर्षी जोरात ओरडा, "उंदीर, घुशी घेऊन जा गे मारबत!" काळी मारबत, पिवळी मारबत, कोणतीही नेऊ दे.

छापखाना:
महालातला माणूस म्हणून सांगतो, मारबतीच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर जो खाण्याचा कचरा पडतो त्याने उंदीर वाढतात, कमी होत नाहीत.

पुणेरी_प्रवासी:
गणपतीच्या वाहनाला मारता आणि नंतर टेकडीच्या गणपतीला जाऊन हात जोडता, कमाल आहे.

संत्रासाल:
टेकडीवर पार्किंगची सोय आहे जी, वाहन तिथेच ठेवावं. आमच्या ऑफिसात काहून लावून राहिले बाप्पा?

घुबडप्रेमी:
विषाबद्दल थोडं.

पेस्ट कंट्रोलवाले जे केक ठेवतात त्यात बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. रक्त गोठणं थांबतं आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर काही दिवसांनी मरतो. लगेच मरत नाही म्हणूनच बाकीचे उंदीर शंका न घेता खातात, आणि म्हणूनच तो तुमच्या सीलिंगमध्ये जाऊन मरतो. "विष खाल्लं की पाण्यासाठी बाहेर पळतात" हे दुकानदाराचं वाक्य खोटं आहे. त्या अवस्थेतला सुस्त उंदीर घुबडाने, घारीने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्यांच्याही अंगात जातं.

गव्हाणी घुबडाची जोडी पिल्लांना वाढवताना एका रात्रीत कितीतरी उंदीर नेते. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांत, झाडांच्या ढोलीत ती अजून आहेत. लोक अपशकुनी म्हणून हाकलतात आणि मग विष विकत आणतात.

वाडीचा_गोडाऊनवाला:
घुबड बर्डीच्या दुसऱ्या मजल्यावर येणार नाही भाऊ, पण मुद्दा बरोबर. माझ्या गोडाऊनमागे धामण आहे. हमाल आधी काठ्या घेऊन धावले होते. मी सांगितलं, हिला हात लावाल तर पोत्यांचं नुकसान तुमच्या मजुरीतून.

डॉ_निशाचर:
केकवरून सांगतो. लहान मुलाने किंवा कोणी चुकून ब्रोमॅडिओलोन खाल्लं तर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण काही वेळ लक्षणं दिसत नाहीत म्हणून घरी थांबू नका. पाकीट घेऊन थेट दवाखान्यात. झिंक फॉस्फाइडची काळी पूड आणि पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट यांना उतारा नाही. मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत ट्यूबचे रुग्ण मी बघितले आहेत. पहिल्या दिवशी बरे दिसतात, यकृत नंतर बिघडतं. ती ट्यूब ऑफिसात, घरात, कुठेही आणू नका.

मावशी_इतवारी:
आणि त्या चिकट पॅडबद्दल कोणीच काही बोललं नाही.

घुबडप्रेमी:
बोलतो. प्राणी तासन्‌तास जिवंत अडकून राहतो, सुटायला स्वतःचा पाय चावतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये या पॅडविरुद्ध राज्यांना लिहिलं आहे. आणि स्वच्छतेच्या बाजूनेही ते वाईटच, घाबरलेला उंदीर त्यावरच हगतो-मुततो आणि ते कोणीतरी हाताने उचलतं.

तर्रीपोहे:
पकडलेल्या उंदराचं काय करायचं मग? फुटाळा तलावावर नेऊन सोडायचा?

वाडीचा_गोडाऊनवाला:
फुटाळ्यावर भुट्टे खायला येणाऱ्यांनी काय पाप केलं? जवळ सोडला तर परत येतो. लांब सोडला तर दुसऱ्याच्या गळ्यात, नाहीतर अनोळखी जागी मरतो. मारायचाच तर चांगला चाप वापरा, मानेवर बसतो, क्षणात संपतं. मला यात गोड उत्तर माहीत नाही. म्हणून तर म्हणतो, येऊच देऊ नका.

काळा_कोट:
खर्चाचा प्रश्न तसाच राहिला आहे.

आधी करार बघा, भाडेकरार की लिव्ह अँड लायसन्स. भाडेकरू असाल आणि इमारतीला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू असेल तर कलम १४ वाचा. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जागा राहण्या-वापरण्याजोगी दुरुस्त ठेवणं घरमालकाचं काम. त्याने केलं नाही तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. त्याला मर्यादा आहे, वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. लिव्ह अँड लायसन्स असेल तर हे सोडा, कागदात लिहिलंय तेच खरं.

पण व्यवहाराचं सांगतो. "उंदीर झाले" अशी नोटीस दिली तर घरमालक "रद्दी हटवा" म्हणून उत्तर देईल आणि दोन वर्षं पत्रव्यवहार चालेल. नोटिशीत उंदीर हा शब्दच कमी येऊ द्या. भिंतीला भोकं आहेत, पाइपाभोवती फटी आहेत, नालीवर झाकण नाही, असं लिहा. फोटो लावा. इमारतीची दुरुस्ती हा मुद्दा त्याला टाळता येत नाही.

ऑडिट_आप्पा:
वकील साहेबांची फी आम्ही सीलिंगमधून पाठवतो.

बर्डीवाली:
सगळ्यांचे खूप आभार. आप्पांचे नाही.

रांगोळी टाकली होती. ऑफिस बंद करताना सर विचारत होते कसली तयारी चालली आहे म्हणून. सकाळी पावलं दिसली ती खिडकीपासून, जिथे उन्हाळ्यात कूलर लावतो तिथून. कूलर काढून ठेवला की त्या खिडकीत पुठ्ठा लावतो आम्ही दरवर्षी. पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात गोल दरवाजा कापलेला आहे, अगदी सुबक. बाहेरून नाश्त्याच्या दुकानाचा धुराचा पाइप वर आला आहे, तो खिडकीला लागूनच जातो. म्हणजे खालून पाइप, पाइपावरून पुठ्ठा, पुठ्ठ्यातून फाइल. आणि कूलर कोपऱ्यातच ठेवलेला आहे, टाकीत थोडं पाणी शिल्लक, वाळ्याच्या ताटीत अजून एक घरटं.

वाडीचा_गोडाऊनवाला:
कूलर! हे मी आधीच लिहायला पाहिजे होतं असं आता कोणीही म्हणेल, पण गोडाऊनला कूलर नसतो. घरउंदराला रोज पाणी लागतं. पिटुकल्याचं धान्यातल्या ओलाव्यावर भागतं, याचं नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीला बाहेर सगळं कोरडं असताना तुमचा कूलर म्हणजे त्याची पाणपोई. टाकी रिकामी करून उन्हात वाळवा, ताटी फेकून द्या. खिडकीला पुठ्ठा नको, बारीक छिद्रांची लोखंडी जाळी चौकटीत ठोकून घ्या. लोहाओळीत मापाने कापून देतात. आणि धुराच्या पाइपाला वरच्या मजल्याखाली पत्र्याचा गोल कॉलर बसवा, नरसाळं उलटं लावल्यासारखा, म्हणजे त्यावरून वर चढता येत नाही.

मावशी_इतवारी:
आणि टेबलांचे ड्रॉवर उघडा सगळ्यांचे. मला माहीत आहे काय निघणार ते.

बर्डीवाली:
उघडले. चिवडा, सोनपापडीचा अर्धा डबा, मागच्या दिवाळीचे शंकरपाळे, आणि सरांच्या कपाटात संत्रा बर्फी. सरांनी सांगितलं ती क्लायंटने दिली होती आणि त्यांना मुळीच माहीत नव्हती.

तर्रीपोहे:
बर्फी अर्धी होती की पूर्ण?

बर्डीवाली:
अर्धी. चमचाही होता.

पुणेरी_प्रवासी:
पुदिन्याचं तेल शिंपडून बघितलं का? डांबराच्या गोळ्या? कापूर?

नेटवर्कवाला:
वास उडेपर्यंत लांब राहतात, मग परत. डांबराच्या गोळ्यांनी बंद खोलीत माणसांचंच डोकं दुखतं.

अंबाझरीकर:
थोडं अवांतर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या लेआउटमध्ये, तुमच्या बर्डीच्या बसस्टँडपर्यंत शिरलं, तेव्हाची गोष्ट. पाणी उतरल्यावर चिखल काढायला लोक आले, पण त्यानंतर आमच्या क्लिनिकमध्ये घुशींचा जो त्रास सुरू झाला तो कितीतरी दिवस संपला नाही. नदीकाठची, नालीतली बिळं पाण्याखाली गेली आणि सगळं कुटुंबकबिल्यासह वर आलं. आम्ही आत पिंजरे लावत बसलो होतो, एक गेली की दुसरी. शेवटी रस्त्यावरच्या सहा-सात दुकानांनी मिळून नालीवर लोखंडी जाळ्या बसवल्या आणि एकाच आठवड्यात सगळ्यांनी आपापली भोकं बुजवली. एकट्याने केलं असतं तर घूस फक्त शेजारी राहायला गेली असती.

काळा_कोट:
हे नोटिशीपेक्षा चांगलं आहे. आमच्या पोटावर पाय, पण चांगलं आहे.

संत्रासाल:
बर्डीवाली, दुकानदाराचं काय म्हणणं? अजून "एकही नाही जी" का?

बर्डीवाली:
काल मी आणि मावशी खाली गेलो. मावशींना दुकानातले सगळे ओळखतात, त्यांच्याच गल्लीतले निघाले. मी खाद्य परवान्यासाठी कीटक-उंदीर नियंत्रण सक्तीचं आहे असं भाषण तयार करून गेले होते. ते बोलायची वेळच आली नाही. मावशी थेट मागच्या खोलीत गेल्या, बेसनाचं पोतं हलवलं आणि म्हणाल्या, "हे काय हाय रे?" पोत्याच्या मागे बीळ होतं, त्यात आमच्या ऑफिसच्या फायलीचे तुकडे. एका तुकड्यावर क्लायंटचा जीएसटी नंबरसुद्धा वाचता येत होता. दुकानदार गप्प.

आता तो पत्र्याच्या झाकणाचे पिंप आणतोय आणि पाइपाला कॉलर लावून देतोय. घरमालकाने नालीवरची जाळी आणि टॉयलेटच्या पाइपाभोवतीचं सिमेंट कबूल केलं, म्हणे "माणुसकी म्हणून". खिडकीची जाळी आणि केबलची नळी आमच्याकडे. सरांना खर्च सांगितला तर म्हणाले, पेस्ट कंट्रोलला वर्षभरात यापेक्षा जास्त दिले.

पिंजऱ्याबद्दल एक विचारायचं होतं. तीन रात्री झाल्या, एकही आत गेला नाही. शेंगदाणे ठेवतोय.

वाडीचा_गोडाऊनवाला:
पिंजरा नवाकोरा असेल. घरउंदीर नव्या वस्तूला घाबरतो, काही दिवस तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. पिंजरा उघडा अडकवून ठेवा, बंद होऊ देऊ नका. आत रोज खायला टाका. खाऊन जायला लागला की मग चाप लावा. शेंगदाण्याला गूळ लावा, किंवा तुपात भाजलेली पोळी. भिंतीला लागून ठेवा, दार वाटेकडे करून. खोलीच्या मधोमध ठेवला असेल तर तो वर्षभर रिकामाच राहील.

मुंगळा:
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ नव्हता. पण मांजर का पाळत नाही?

छापखाना:
पहिल्या पानावर या जी.

बर्डीवाली:
पिंजरा मधोमधच होता. भिंतीला लावला, पोळी सरांच्या डब्यातली. आणि नेटवर्कवाले दादा, यूपीएसच्या मागे टॉर्च मारली. दोन वायरी सोललेल्या निघाल्या, एक तर तांब्यापर्यंत. तसंच बंद करून ठेवलं आहे, इलेक्ट्रिशियन सकाळी येतोय. तोपर्यंत सर्व्हरचा प्लगही काढून ठेवू का?

नेटवर्कवाला:
काढा. बॅकअप घेऊन, नीट शटडाउन करून मगच. आणि तो यूपीएस भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा, मागे झाडता आलं पाहिजे.